चौथी साक्षीदार

१४ जानेवारी, मंगळवार

शिबिरात सांगितलं होतं, रोज वही लिहा. कलासंस्कृतीचं पुढारीपण करणाऱ्या माणसाने दिवसातून पाच मिनिटं तरी स्वतःशी खरं बोलावं म्हणे. सहा आठवडे डोंगरात राहून आणि आयतं जेवून मी एवढं शिकून आले. पहिली चार पानं तिथे भरली. आज पाचवं पान, दीड वर्षाने.

निमित्त असं की आज बेटावरच्या आमच्या कलाकेंद्राच्या मंडळाची बैठक झाली आणि मी अडकले.

केंद्राला लागून विणकामाचं नवं घर बांधून झालं आहे. चार माग, लोकर पिंजायला ऐसपैस जागा, समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी. अनुदानाच्या कागदावर फक्त एक ओळ रिकामी राहिली आहे: या घराची प्रमुख कोण? अगाथा आजी असत्या तर प्रश्नच नव्हता, पण त्या गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या दोन नाती. कोरीन शहरात असते, तिच्या घोंगड्या संग्रहालयांच्या भिंतींवर टांगलेल्या आहेत. रोझली इथेच बेटावर असते, सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात राबते आणि दुपारी विणते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अगाथा आजींनी गावाचे समारंभ होतात त्या मोठ्या घरात सगळ्यांना बोलावून आपलं काम पुढे सोपवलं. कोरीनकडचे म्हणतात, आजींनी वारशाची पांढरी घोंगडी कोरीनच्या खांद्यावर घातली. रोझलीकडचे म्हणतात, रोझलीच्या. दोनशे माणसं हजर होती आणि दोन्हीकडचे छातीठोकपणे सांगतात.

आता दोनशे माणसांचं पाहणं आमच्याकडे धरत नाहीत. ज्यांना नाव घेऊन उभं केलं, हातावर दोन नाणी ठेवली आणि सांगितलं की पाहा, लक्षात ठेवा, विचारलं की सांगा, त्यांचंच धरतात. असे चार जण होते. दोघे वारले. पलीकडच्या किनाऱ्यावरचे एव्हरेट काका झटका येऊन अंथरुणाला खिळले, त्यांची वाचा गेली. चौथी मी.

क्लिफर्ड मामा मंडळाचे अध्यक्ष, आणि मोठ्या घरात सगळ्यांच्या वतीने बोलणारेही तेच. बैठकीत त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बाई, आपली वर्ना आहे. आठ मार्चला सगळ्यांना बोलावू. ती उभी राहील, काय पाहिलं ते सांगेल, विषय संपेल." सगळे माझ्याकडे वळले. मी मान डोलावली.

काय पाहिलं ते इथेही लिहवत नाही. मग लिहीन.

१७ जानेवारी, शुक्रवार

लिहिते. मी काही पाहिलं नाही. मी तिथे नव्हते.

म्हणजे गेले होते, नाव पुकारलं तेव्हा उभी राहिले होते, नाणी घेतली होती. साक्षीदारांचा बाक दाराजवळ, आगटीच्या टोकाला असतो. तिथे मी बसले. चार वाजायच्या सुमारास खिशात फोन थरथरला. नंबर शिबिरवाल्यांचा. दोन आठवडे मी त्या फोनची वाट पाहत होते. पाच मिनिटांत येते असं शेजारी बसलेल्या एव्हरेट काकांना खुणेने सांगितलं आणि गाडीकडे पळाले.

पाच मिनिटांची तीस झाली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमच्या समाजातल्या जाणत्या रीतींशी तुमचं नातं कसं आहे, एखादं उदाहरण द्याल का? मी साक्षीदारांच्या रीतीबद्दल सांगितलं. कागदावाचून आमची माणसं शेकडो वर्षं गोष्टी कशा जपून ठेवतात, दोन नाण्यांत केवढी जबाबदारी असते, सगळं सांगितलं. इतकं छान बोलले की बाई हळव्या झाल्या. तिथल्या तिथे माझी निवड झाली.

परत आत गेले तर कालवण वाढत होते.

ती नाणी मी दुसऱ्या दिवशी बोटीच्या धक्क्यावर कॉफीच्या यंत्रात घातली. तेव्हापासून मला कोणी काही विचारलं नाही. मीही विसरले होते, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

२३ जानेवारी, गुरुवार

फिलोमिना मावशीने वात आणला आहे. माझ्या आईची मोठी बहीण, एक्याऐंशी वर्षांची, बेटावर तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही. रोज दहाला काठी टेकत केंद्रात येते आणि विणकामाच्या घरात खिडकीपाशी बसते. मी खरं तर तिथली व्यवस्थापक. माझ्याकडे निळी जाड फाईल आहे, तिच्यात पाच वर्षांचा आराखडा आहे. मावशीने ती एकदा हातात घेऊन वजन पाहिलं आणि दार वाऱ्याने आपटतं त्याला टेकण म्हणून लावली.

मला काय कामं सांगते, तर पातेली घास, लोकरीतल्या काड्या वेच, म्हाताऱ्यांना चहा दे. आणि रोज खुर्ची बदलायला लावते. कालपर्यंत मी दाराशी बसायचे, आज म्हणाली, तिकडे भिंतीशी बस. उद्या आणखी कुठे बसवेल. संध्याकाळी निघताना ठरलेला प्रश्न: "आज काय पाहिलंस?" मी म्हणते, काही नाही, नेहमीचंच. ती मान हलवते आणि कोट चढवते.

आज गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाली, "गाडीत बसून फोनवर बोलताना आतला दिवा लावत जाऊ नकोस. लांबून दिसतं माणूस." माझ्या गाडीतला दिवा बिघडून वर्ष झालं. वय झालं आता तिचं, दुसरं काय.

३० जानेवारी, गुरुवार

कोरीनचा फोन. तिचा आवाजच असा की ऐकता ऐकता आपलं मत तिच्यासारखं होतं. मी हुशारीने तिलाच विचारलं, तुला कसं आठवतंय ते सांग, म्हणजे माझं पडताळून पाहते. ती लगेच म्हणाली, "आजीने घोंगडी माझ्या खांद्यावर घातली. तिचे हात थरथरत होते, ते मी अजून विसरलेले नाही. तू तर समोरच होतीस ना?"

मी हूं म्हणाले.

मग तिने बाकीचं सांगितलं. ती प्रमुख झाली तर शहरातली एक संस्था तीन वर्षं खर्च उचलायला तयार आहे. तिच्या नावावर मुली शिकायला येतील. हे सगळं खरं आहे. आराखड्यात मी स्वतः लिहिलं आहे की या घराला बाहेर ओळख असलेला माणूस हवा. रोझली चांगली विणते, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. अनुदानवाल्यांसमोर काय करणार?

दुपारी रोझलीकडेही गेले. ती लोकर पिंजत होती. मी आडून आडून विषय काढला. पिंजणं न थांबवता ती म्हणाली, "ज्याच्या अंगावर घोंगडी पडली त्याने सांगायचं नसतं. म्हणून तर तुला पाहायला ठेवलं होतं." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मलाही रागावता आलं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस गावात सहज म्हणून विचारत फिरले. काही उपयोग नाही. क्लिफर्ड मामी म्हणाल्या, आम्ही स्वयंपाकाच्या चुलीच्या बाजूला बसलो होतो, डोळ्यांदेखत रोझलीला घोंगडी घातली. त्यांची शेजारीण तेच म्हणाली, तीही चुलीच्या बाजूलाच होती. बोटीवर तिकिटं फाडणारा डेल्मर म्हणाला, आम्ही समुद्राच्या बाजूला होतो, कोरीनच होती, एवढी उंच बाई चुकेल कशी? त्याच्या बाकावरचे तिघेही कोरीनच म्हणाले. जो तो आपल्या माणसाचा. आमच्या बेटावर खरं बोलणारं कोणी उरलंच नाही, असं वाटून संताप आला. मग माझाच मला संताप आला.

दुपारी मावशीने मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, खोलीत किती जणी आहेत? मी म्हटलं, चार. ती म्हणाली, उठून मोज. पाच होत्या. मोठ्या मागाच्या आड रोझली वाकून सूत जोडत होती. "हा माग फार मोठा आहे," मी म्हटलं. मावशीला हसू आलं. मला नाही आलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मावशीने शिंपल्यांचं कालवण डब्यात भरून दिलं आणि हुकूम सोडला, पलीकडे जाऊन एव्हरेटला पाज. मी म्हटलं, मला आराखड्याचं काम आहे. ती म्हणाली, तो कुठे पळत नाही, कालवण गार होतं.

एव्हरेट काका भाचीच्या घरी असतात. डाव्या अंगात जीव नाही, तोंडातून फक्त घशातला आवाज येतो. डोळे मात्र लखलखीत. मला पाहिलं आणि ते डोळे माझ्यावरून हलेनात. त्या दिवशी त्यांच्या शेजारची माझी जागा अर्धा तास रिकामी होती, हे या जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक आहे आणि त्याला बोलता येत नाही. मनात आलं की बरं आहे. लिहायची लाज वाटते, पण वही खरं बोलायलाच आहे.

मी आणि भाची पलंगाच्या कडेला बसून त्यांना भरवत होतो. कालवण संपल्यावर त्यांनी उजव्या हाताने अंगावरची गोधडी ओढून काढली आणि आमच्या दोघींच्या खांद्यांवर टाकायची खटपट सुरू केली. एक टोक भाचीवर, एक माझ्यावर. गोधडी पुरेना. ओढून ओढून त्यांचा हात थरथरायला लागला, तरी सोडेनात. शेवटी आम्हीच एकमेकींना चिकटून बसलो तेव्हा ते उशीवर टेकले. भाची म्हणाली, "बायका आल्या की असंच करतात. त्यांना वाटतं सगळ्यांना थंडी वाजते." बिचारे. स्वतःचे पाय उघडे पडले होते. मी त्यांना मोजे घातले आणि शेवटची बोट पकडली.

संध्याकाळी मावशीने विचारलं, काय पाहिलंस? मी म्हटलं, म्हाताऱ्याला थंडी फार वाजते. तिने रिकामा डबा माझ्या हातातून घेतला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शहरातल्या एका संग्रहालयाचं पत्र आलं आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या वस्तूंचा विभाग सांभाळायला माणूस हवा. सोमवारपर्यंत भेटायला या. मी दोनदा वाचलं आणि बॅग भरली. मंडळाला चिठ्ठी लिहिली की तब्येतीच्या कारणाने राजीनामा देत आहे. साक्षीदारच नसली तर खोटं बोलायचा प्रश्न येत नाही.

दोनची बोट. धक्क्यावर माझ्यापुढे तीन गाड्या होत्या. पावणेदोनला वारा उठला. दोनला बोट पलीकडून निघाली, मध्यापर्यंत आली आणि वळून परत गेली. डेल्मर टोपी धरत काचेपाशी आला. "आज नाही, उद्याही नाही. समुद्र पिसाळलाय. कुठे निघालीस एवढी मोठी बॅग घेऊन?" मी म्हटलं, कपडे धुवायला टाकायचे आहेत. तो हसला, कारण शहरात जाऊन कपडे धुणारी बेटावर मी पहिलीच.

पुढच्या गाड्या वळून गेल्या तरी मी तासभर तिथेच बसले. समोर ते कॉफीचं यंत्र. पलीकडचा किनारा दिसत होता, दिवेसुद्धा मोजता येत होते. ओरडावंसं वाटलं. ओरडलेही, काचा बंद होत्या.

घरी आले तर पायरीवर मावशी. "आलीस? ये. आठ तारखेची मोठी पातेली बाहेर काढायची आहेत." बॅग तिने पाहिली, पण विचारलं नाही. राजीनाम्याची चिठ्ठी खिशातच राहिली. सहा पातेली घासली. तळाला गेल्या समारंभाचं करपलेलं अजून चिकटलेलं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वारा. बोट बंद. फोनही धड लागत नाही, तरी कोरीनचा बरोबर लागतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवार गेला. संग्रहालयाने कळवलं, पुन्हा जागा निघाली तर विचार करू.

ठरवलं. कोरीनचं नाव घेणार. तिने स्वतः सांगितलं आहे की घोंगडी तिच्यावर पडली, आणि ती खोटं बोलणारी नाही. म्हणजे मी जे सांगेन ते खरंच असणार, फक्त माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नसणार. घराचं भलं होईल, मुली शिकतील. रोझलीला तसाही पुढे येण्याचा कंटाळा आहे.

आरशासमोर उभी राहून सराव केला. "मी दाराजवळच्या बाकावर होते. अगाथा आजींचे हात थरथरत होते." हा थरथरण्याचा तपशील फार उपयोगी आहे, ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई अगदी जवळ होती. तिसऱ्या वेळेला माझेच डोळे भरून आले. बोलणं उत्तम झालं आहे.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

७ मार्च, शुक्रवार

कोरीन आली. बोटीवरून उतरताना सगळ्यांना मिठ्या मारल्या, मला जरा जास्त घट्ट. शहरातल्या दुकानातली पेस्ट्री आणली आहे. एव्हरेट काकांची भाचीही आली, काकांच्या वतीने बसणार आहे.

संध्याकाळी मावशीबरोबर पावासाठी कणीक मळत होते. सहज विचारलं, साक्षीदाराने नाणी खर्च केली तर चालतं का? मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "मग काय पुरून ठेवायची? घरी जायच्या वाटेवरचा चहा-पाणी असतो तो. वाटेत भेटेल त्याला सांगत जायचं, काय पाहिलं ते. त्यासाठीच देतात." म्हणजे दोन वर्षं मी ज्या कॉफीचा पश्चात्ताप करत होते ती माफच होती. तेवढीच माफ होती.

तिला तिथेच सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंड उघडलंही. तिने माझ्या हातातून परात ओढून घेतली आणि म्हणाली, मला सांगून काय उपयोग, कणीक घट्ट झाली बघ.

९ मार्च, रविवार

काल. क्रमाने लिहिते, एकही गोष्ट गाळत नाही.

मोठ्या घराच्या मधोमध आगटी पेटली होती. चुलीच्या बाजूचे बाक भरले, समुद्राच्या बाजूचे भरले. रोझलीकडचे इकडे, कोरीनकडचे तिकडे, दोन वर्षांत कोणी जागा बदललेली नाही. मला दाराजवळच्या बाकावर बसवलं, त्याच जागी. शेजारी तीन जागा मोकळ्या सोडल्या होत्या. माझ्या लगतच्या जागेवर काकांच्या भाचीने त्यांची टोपी आणून ठेवली.

क्लिफर्ड मामा उभे राहिले. "सिएम मंडळी, मानाच्या माणसांनो, दोन वर्षं हे घर आजारी आहे. आज औषध घेऊ." हसले सगळे. मग त्यांनी माझं नाव घेतलं. माझं इथलं नाव, माझ्या पणजीचं, जे मी शिबिराच्या अर्जावर मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. मी उठले.

"मी दाराजवळच्या बाकावर होते," मी म्हटलं. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे झालं. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. हात थरथरत होते. आणि ते वाक्य उच्चारताना मला अगाथा आजींचे हात दिसेनात, कारण ते मी पाहिलेच नव्हते. दुसराच हात दिसायला लागला, डाग पडलेला, गोधडी ओढणारा. मागून कोणीतरी पाणी दिलं.

मग मी म्हटलं, "मी इथे नव्हते. मी बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होते. नाणी घेतली आणि पाहिलं नाही. आज मी तुमच्याशी खोटं बोलायला आले होते."

शांतता कसली, गलका झाला. कोणी म्हणालं, हिच्यासारख्या शहरात वाढलेल्यांना नाणी द्यावीच कशाला. कोरीन मान खाली घालून बसली होती. खाली बसावं आणि जमिनीने गिळावं असं वाटत होतं, पण क्लिफर्ड मामांनी बसायला सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय बसता येत नाही. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे साक्षीदार उरला नाही."

"एक आहे," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. टोपीकडे पाहून म्हटलं असेन. "मी नऊ फेब्रुवारीला एव्हरेट काकांना पाहिलं. तेवढं मात्र मी खरंच पाहिलंय. पण त्याचा अर्थ मला लागत नाही."

"अर्थ तुला कोणी विचारला?" क्लिफर्ड मामा म्हणाले. "पाहिलं ते सांग."

सांगता येईना, म्हणून करून दाखवलं. पहिल्या बाकावरून मावशीला उठवलं आणि तिच्या शेजारी काकांच्या भाचीला उभं केलं. माझी शाल काढली. एक टोक हिच्या खांद्यावर, एक तिच्या. शाल लहान, पुरेना. मी ओढत राहिले, काकांसारखी एकाच हाताने, आणि माझा हात थरथरायला लागला. शेवटी दोघी अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या, तेव्हा शाल पुरली.

मी बाजूला झाले. चुलीच्या बाजूने बघणाऱ्यांना मावशीच दिसत होती. समुद्राच्या बाजूने फक्त भाची. हे मला तेव्हा उमगलं नाही, डेल्मरला उमगलं. तो त्याच्या बाकावरून उठला, आगटीला वळसा घालून माझ्या बाकापाशी आला, तिथून दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे देवा." मग एकेक जण उठून दाराकडे येऊन उभा राहायला लागला.

भाची शालीत रडत होती. वर्षभर काका हेच करतायत, म्हणाली, आणि आम्ही त्यांना आणखी एक गोधडी घालत होतो.

कोरीन उठली तेव्हा सगळे थांबले. तिने बोलायचं नसतं, पण ती बोलली. आवाज तिचा नव्हताच. "आजीचे हात म्हातारपणाने थरथरत नव्हते. घोंगडी दोघींना पुरत नव्हती म्हणून ती ओढत होती. मी सरकले नाही. रोझली सरकली."

रोझली नुसती बाकावर थोडी सरकली. आगटी ओलांडून तिथे जाऊन बसायला कोरीनला फार वेळ लागला.

माझं काय करायचं ते नंतर ठरलं. कालचं सगळं जेवण मी एकटीने वाढलं, दोन्ही बाजूंना, आणि वाढताना प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहावं लागलं. त्यातले निम्मे माझ्याकडे पाहत नव्हते. शिवाय नोव्हेंबरात मला स्वतः सगळ्यांना बोलावून, जेवू घालून ही चूक पुसावी लागणार. म्हणजे तोवर बेट सोडता येणार नाही. अनुदानाच्या कागदावर एका ओळीत दोन नावं बसत नाहीत, संस्था मागे फिरेल अशी चिन्हं आहेत, तेही निस्तरायचं मीच. निळी फाईल शोधली तर दाराखाली ओली झाली होती.

मी पातेली घासत असताना मावशी येऊन स्टुलावर बसली. म्हणाली, "त्या दिवशी दिवा चालू होता तुझ्या गाडीतला. मी पायरीवर बटाटे सोलत होते. अर्धा तास बोलत होतीस, हात हलवून हलवून."

मी म्हटलं, "मग मामांना का नाही सांगितलंस?"

"मला कोणी पाहायला ठेवलं नव्हतं," ती म्हणाली.

एक राहिलं. जेवणाआधी क्लिफर्ड मामांनी कालच्या दिवसाचे साक्षीदार पुकारले. चार. पहिला डेल्मर. मग पलीकडच्या किनाऱ्यावरची दोन माणसं. चौथ्या नावाला ते थांबले, मावशीकडे पाहिलं आणि माझ्या पणजीचं नाव घेतलं. घरात कुजबुज झाली. मला नको होतं. खरंच सांगते, नको होतं, पण नाव घेतलं की उठावंच लागतं. त्यांनी माझ्या हातावर दोन नाणी ठेवली. खिशात फोन थरथरत होता, चार वेळा थरथरला. मी दाराकडे पाठ केली आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

१२ मार्च, बुधवार

वारा पडला. दहाची बोट. धक्क्यावर यंत्रात दोन्ही नाणी घातली आणि कॉफी घेतली. बेचव होती. डेल्मरने तिकीट फाडताना विचारलं, आज बॅग नाही? म्हटलं, नाही, काकांकडे जाऊन येते. तो बोट सुटेपर्यंत माझ्या खिडकीशी उभा राहिला. मी त्याला शनिवारचं सांगितलं, तो तिथे असूनही. तो ऐकत होता आणि दोन ठिकाणी माझं दुरुस्त करत होता.

एव्हरेट काका उशीला टेकून बसले होते. भाचीने सगळं सांगून टाकलं असेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, मी गप्प बसले, मला नव्हतं पुकारलं. मी त्यांच्या पायाशी खुर्ची ओढली. मग ती जरा बाजूला सरकवली, त्यांचा चेहरा आणि हात दोन्ही दिसतील अशी. ते माझ्याकडे पाहत होते, त्या दिवशी पाहत होते तसेच.

शनिवारी मोठ्या घराचं दार कोणी उघडलं, मी तिथपासून सुरुवात केली.